मावशी गं, मावशी

सेब्ता, ८ मे २०२१

ती. लल्ला रहीमू हिस,

धाकट्या बहिणीचा सलाम वि. वि.

निसरीनचं ठरलं! बारा जूनला माझ्या लेकीला मेंदी लागणार. साथीमुळे सरहद्द बंद होऊन चौदा महिने झाले, आणि नाक्यावरचा शिपाई म्हणतो, आजी, मलाच ठाऊक नाही कधी उघडेल. मोरोक्कोतलं तुझं तेतुआन इथून चाळीस किलोमीटर. पण सेब्ता पडलं स्पेनचं, म्हणून हे पत्र बोटीनं समुद्रापलीकडच्या स्पेनला जाऊन फिरून तुझ्याकडे येणार.

तुझ्याशिवाय मेंदीचं गाणं कसं व्हायचं? सेब्त्यातल्या प्रत्येक नवरीच्या मेंदीत तू 'हे कुणी केलं?' असे सात नवे प्रश्न घातलेस. तिच्या खोड्या तूच हुडकायचीस, आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे: "मावशी गं, मावशी." तीस वर्षांत मी दुसरं काही शिकले नाही. पोरं म्हणतात, डीजे लावू. तू मेंदीच्या दिवशी फोनवरून गा. फोन केला की तुझी सूनच उचलते, तू फोनवर का येत नाहीस? रुसलीस का?

लोभ आहे तसा राहू दे.

तुझी फतोमा

तेतुआन, २५ मे

चि. फतोमास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सतरा दिवसांनी मिळालं. रुसले नाही गं. फेब्रुवारीत घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. तू रडशील म्हणून कळवलं नाही. आता सुनेला टाळी वाजवून हाक मारते. ती म्हणते, सासूबाई, आता तुम्ही फारच गोड झालात!

सात प्रश्न सोबतच्या बंद पाकिटात आहेत. सून फोनवरून पाठवते म्हणाली, पण मेंदीआधी प्रश्न तिसऱ्या कानावर जायचे नाहीत, हे आईनं घालून दिलंय. तू स्वतः विचारू नकोस. एकटीनं दोन्ही बाजू म्हटल्या तर घर एकटं पडतं. निसरीनच्या सासूकडून म्हणून घे. वेळेत पोचो, एवढीच प्रार्थना.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

रहीमू

सेब्ता, २२ जून

ती. लल्लास सलाम.

तुझं पाकीट काल आलं. मेंदीला नऊ दिवस उलटल्यावर.

मेंदीच्या दुपारीही फोन सुनेनंच उचलला, मग मी डफ घेऊन बसले. प्रश्नाची जागा आली की नुसता ठेका धरायचे, मग म्हणायचे, "मावशी गं, मावशी." सातही वेळा. पोरींना वाटलं, मी गंमत करतेय, खूप हसल्या. शेजारची म्हातारी आमिना तेवढी विचारत राहिली, अगं, रहीमू कुठे बसलीये, आवाज का येत नाही? मग डीजे लागला.

काल स्वयंपाकघराचं दार लावून पाकीट फोडलं. शाळेतल्या सिस्टरांनी छडी मारून घडवलेलं तुझं अक्षर अजून तसंच आहे. हिचे दुधाचे दात उशीखाली कुणी ठेवले? मी म्हटलं, "मावशी गं, मावशी." गणिताची वही मिटून हिला नाच कुणी शिकवला? तेही म्हटलं. अशी सहा उत्तरं गाऊन झाली.

सातवा वाचला: हिच्या मेंदीला कोण नाही आलं?

लल्ला, उत्तर तर तेच आहे. पण मी डफ खाली ठेवला आणि उठून करपलेली डाळ उतरवली.

आवाज नसला तरी चालेल. सरहद्द उघडली की ये, समोर बस, ओठ हलव. तोवर सातवं उत्तर मी देणार नाही.

मायेत ठेव.

तुझी फतोमा