यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील

ती. वहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. तुमची दाढ आता कशी आहे? दुखायची थांबली असेल तर काढू नका आणि थांबली नसेल तर अंगावर काढू नका, असं तुमच्या जावेने लिहायला सांगितलं आहे. गुडघ्याचंही कळवा. आम्ही इकडे ठीक आहोत. मला फोनवर बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही बोलता, मी हं म्हणतो, मग तुम्ही विचारता, "ऐकताय ना भाऊजी?" आणि त्यावरही मी हं म्हणतो. म्हणून हे पत्र.

लिहिण्याचं कारण असं की मध्यंतरी तुमच्या फोनवर दादाचं आमंत्रण आलं. विषय 'तातडीची भेट', वर दादाचं वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आणि खाली 'कारणे चालणार नाहीत. मी वाट पाहत आहे.' वहिनी, घाबरू नका. ते मी पाठवलं होतं. (मी पाठवलं म्हणजे घाबरण्यासारखंच आहे असं तुमची जाऊ म्हणते, पण ते निराळ्या अर्थाने.) आता त्यावरून इतका गोंधळ झाला आहे की साहेब दादाचं कॉम्प्युटरवरचं खातं कायमचं बंद करायला निघाले आहेत. आणि तुम्ही तर मला दारात थांबवून सांगितलं होतं, "एवढ्यात ह्यांचं नाव कुठून पुसू नका हो भाऊजी." मी बरं म्हटलं होतं. तेव्हा त्या नावाचं काय करायचं ते तुमच्याकडूनच यायला हवं, आणि त्याआधी काय काय घडलं ते तुमच्या कानावर घालायला हवं.

आमचा कारखाना बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे करतो. लोक नुसतीच दारं करतात, ती उघडतात आमच्यामुळे, असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. कारखाना, दुकान, गोदाम आणि लांबलांबची गिऱ्हाइकं या सगळ्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकत्र आणायचं काम त्याचं. माझं टेबल ड्रॉइंगचं. बिजागरीला भोकं कुठे पाडायची ते मी ठरवतो, आणि त्यासाठी कोणाशी बोलावं लागत नाही, हा त्या कामाचा मोठा गुण आहे. दादाचे दिवस झाल्यावर मी सुट्टीवरून परत आलो तेव्हा साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मीटिंगांचं आता तुम्ही बघा. तुमच्या घरचंच काम आहे." जसं काही मीटिंग बोलावणं रक्तातच असतं, नाकासारखं. मी बरं म्हटलं. कॉम्प्युटरवाल्या बाई माझ्या नावाचं नवीन खातं काढायला आल्या आणि दादाचं बंद करू का विचारलं. मला तुमचं बोलणं आठवलं. म्हटलं, असू द्या, त्याच्याच खात्यावरून करतो. त्या म्हणाल्या, "बघा हं, मला नंतर बोलायचं नाही." दादाचा पासवर्ड त्यांनाच काय, चहा आणणाऱ्या मावशींनाही पाठ होता, कारण तो टाइप करताना दादा मोठ्याने म्हणायचा.

पहिलीच मीटिंग नवीन कोयंड्याची. मी वेळ भरली, विषयात दादा नेहमी लिहायचा तेच 'तातडीची भेट' लिहिलं, आणि कोणाकोणाला बोलवायचं तिथे त्याने करून ठेवलेला 'सगळे' नावाचा गट निवडला. पुढे प्रत्येकाच्या नावासमोर 'आवश्यक' की 'ऐच्छिक' असं विचारतात. आता साहेबांना आवश्यक कसं म्हणायचं? त्यांच्यावर आपण सक्ती करणारे कोण? म्हणून साहेबांना मानाने ऐच्छिक केलं आणि बाकीच्यांना आवश्यक. तेवढं करून पाठवून दिलं. खाली 'कारणे चालणार नाहीत' वगैरे ओळी दादाने कायमच्या चिकटवून ठेवल्या होत्या, त्या पाठवताना आपोआप लागतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्याखाली 'दर आठवड्याला. समाप्ती: नाही' हेही आपोआप. तो होता तेव्हा या ओळी कोणी मनावर घेत नसे. आता घेतल्या.

उत्तरं यायला लागली. आमचे हिशेबनीस (ते खुर्चीवर उशी घेऊन बसतात ते) यांनी 'नाही येणार' दाबलं आणि तडक रक्तदाब मोजून घ्यायला गेले. गोदामवाल्या काकांनी 'नाही येणार' दाबून खाली लिहिलं, 'इतक्यात नको. धाकटीचं अजून शिक्षण व्हायचं आहे.' दुकानवाल्या बाईंनी 'नवीन वेळ सुचवा' हे बटण दाबलं आणि इतक्या पुढचं साल सुचवलं की कॉम्प्युटरने ते घेतलं नाही. एका गिऱ्हाइकाने 'कदाचित' दाबलं. रंगखात्याच्या मुकादमाने विचारलं, 'येताना काही आणायचं आहे का?' साहेबांनी मात्र 'येणार' दाबलं, कारण ते न वाचता सगळ्यालाच येणार दाबतात. आणि दुपारभर कारखान्यात एकच कुजबुज चालू होती. मी समजलो कोयंड्याबद्दल असेल. पाण्याच्या फिल्टरपाशी हिशेबनीस गोदामवाल्या काकांना म्हणत होते, "बघितलंत? आपण सगळे आवश्यक आणि साहेब ऐच्छिक! तिकडेसुद्धा यांना सवलत!"

मग तुमचं उत्तर आलं. 'येणार.'

दादाने 'सगळे' मध्ये तुम्हालाही घालून ठेवलं आहे हे मला तेव्हा कळलं. (मीटिंग कधीची आहे ते कळलं की जेवण कधी लावायचं ते तुम्हाला कळावं, असा त्याचा हिशोब असणार.) वहिनी, तो एक शब्द मी तीनतीनदा वाचला. मी घरी फोन केला. तुमची जाऊ म्हणाली, "बसून काय राहिलात, आत्ता लावा त्यांना फोन." मी तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला, आणि मी दाढ कोणत्या बाजूची ते विचारलं. तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. विचारायचं दुसरंच होतं, पण ते तोंडातून निघेना. तुम्ही म्हणालात, "डाव्या. आणि भाऊजी, ह्यांचं आमंत्रण आलं होतं. मी आपलं सवयीनं येणार दाबलं." मी हं म्हटलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा हं असेल.

प्रत्यक्ष मीटिंगच्या वेळी मात्र एकूण एक माणूस हजर झाला. नाही म्हणणारेसुद्धा. न जावं तर काय होईल याची भीती जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरली असावी. मी माझ्या टेबलावर माझ्या फोनवरून आमंत्रण उघडलं. पडदा काळा झाला, मधोमध एक चक्र फिरू लागलं आणि खाली अक्षरं आली: 'कृपया थांबा. यजमान तुम्हाला लवकरच आत घेतील.' आणि यजमान म्हणून दादाचं नाव.

मला वाटलं असंच असतं. मी थांबलो.

सगळेच थांबले. यजमानाने स्वतः आधी आत शिरून इतरांना एकेक करून आत घ्यायचं असतं आणि या मीटिंगचा यजमान म्हणजे दादाच्या खात्यात बसलेला मीच व्हायला हवा होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इमारत एकच. माझ्या डाव्या हाताला काचेपलीकडे हिशेबनीस पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसले होते. गोदामवाले काका खिशातून कंगवा काढून भांग पाडत होते. मुकादम रंगाचे हात पुसून ताठ बसला होता. त्या कारखान्यात मी इतकी शांतता कधी ऐकली नाही. एरवी निदान कोणीतरी कडी आपटून बघत असतं. माझं म्हणाल तर मी त्या चक्राकडे बघत होतो आणि (हे तुम्हालाच लिहितो) मला काही घाई नव्हती. दादा नेहमीच उशीर करायचा.

शेवटी साहेबांचा धीर सुटला. केबिनमधून ओरडले, "अरे काय चाललंय? मला आधी आत घ्या!" त्यावर पार्टिशनच्या अलीकडून हिशेबनीस हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही ऐच्छिक आहात. एवढी घाई कशाला करता?"

मग कॉम्प्युटरवाल्या बाई धावत आल्या, मला दंडाला धरून दादाच्या खुर्चीवर बसवलं, पासवर्ड टाकला आणि सगळ्यांना आत घेतलं. सगळ्यांच्या पडद्यावर दादाचा फोटो उमटला. तुमच्या गॅलरीतला, खांद्यावर टॉवेल आणि गालाला साबण, तो कोणीतरी हाक मारल्यावर वळून हसतो आहे तो. (तो तुम्हीच काढला असणार.) मला कॅमेरा कुठून चालू करतात ते माहीत नसल्यामुळे मी दिसेना, फोटोच दिसत राहिला. मी घसा खाकरून म्हटलं, "आले का सगळे?" माझा आवाज, त्यात मला सर्दी. सर्दी झाली की मी हुबेहूब दादासारखा बोलतो, आई फसायची. दुकानवाल्या बाई खुर्चीसकट मागे गेल्या. एक गिऱ्हाईक नाहीसं झालं. आणि गोदामवाले काका पडद्याजवळ तोंड आणून म्हणाले, "दादा, काय म्हणता? तिकडे तरी कँटीन बरं आहे का?"

मी म्हटलं, "काका, मी आहे. त्याचा भाऊ." काका म्हणाले, "त्यांना भाऊ होता?" माझं टेबल त्यांच्या गोदामाच्या दाराला लागून आहे.

कोयंडा मात्र एकमताने मंजूर झाला. दादाच्या फोटोसमोर कोणी खळखळ केली नाही. साहेब एरवी तासभर बोलतात, ते "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून निघून गेले. इतकी झटपट मीटिंग आमच्याकडे झालेली कोणाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चिडले नव्हते, पण म्हणाले, "अहो, मला रात्रभर ते चक्र दिसत होतं. दादांचं खातं बंद करा आणि तुमच्या नावाने बोलवा." म्हणून कॉम्प्युटरवाल्या बाईंनी माझं खातं उघडून दिलं आणि पुढच्या मीटिंगचं आमंत्रण मी माझ्या नावाने पाठवलं. विषय, वेळ, सगळं बरोबर. साहेबांनाही आवश्यक केलं. वेळेच्या आधीच यजमान म्हणून आत जाऊन बसलो, कोणाला ताटकळायला नको म्हणून. एकही माणूस आला नाही. नंतर कळलं की साहेबांच्या कॉम्प्युटरने माझं आमंत्रण जाहिरात समजून कचऱ्यात टाकलं, हिशेबनिसांना तो फसवणुकीचा प्रकार वाटला, आणि मुकादमाने मलाच येऊन विचारलं की हा नवीन माणूस कोण घेतला आहे. मी म्हटलं, बघतो.

तेव्हा वहिनी, अशी सगळी परिस्थिती आहे. साहेब बंद करा म्हणतात, तुम्ही पुसू नका म्हणाला होतात, आणि मी दोघांनाही बरं म्हटलं आहे. तुम्ही सांगाल तसं करीन. विचार करून कळवा. सावकाश कळवलंत तरी चालेल. दाढेला जपा, आणि औषधं जेवणानंतरची आहेत ती जेवणानंतरच घ्या. मुलाला आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर

ता. क. तुमची जाऊ वर वाचून म्हणते की इतकी पानं लिहिलीत आणि खरं तेवढं लिहिलं नाहीत. तर खरं असं की खातं काल बंद झालं. साहेबांनी नव्हे, मीच केलं. आमंत्रण मी पाठवलं आणि 'येणार' तुम्ही दाबलंत, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. त्या चक्राकडे बघत मी स्वतः जो थांबून राहिलो होतो तेही जाईना. आपल्या दोघांना असं ताटकळत ठेवणं बरं नव्हे. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर 'तुमची खात्री आहे का?' असं विचारतो. मी हो म्हटलं. मग पुन्हा तेच विचारतो. मी पुन्हा हो म्हटलं. तुम्हाला न विचारता केलं, रागवायचं तर रागवा. पत्र फाडून नव्याने लिहिणार होतो, पण हात दुखला.

आणखी एक. फोटो बंद करायच्या आधी काढून घेतला आहे. मोठा करून पाठवतो. साबण मोठा केल्यावरही साबणच दिसतो, डाग समजू नका.

शेवटचं, आणि खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. तुमच्या फोनवर रविवार संध्याकाळचं एक आमंत्रण आलेलं असेल. ते माझ्या नावाचं आहे, जाहिरात नाही. विषयाच्या जागी काही लिहिलेलं नाही, कारण विषय काही नाही. 'आवश्यक' मध्ये फक्त तुम्ही आहात. माझ्या नावाने बोलावल्यावर अजून कोणी 'येणार' म्हटलेलं नाही, तेवढं तुम्ही दाबा. तुम्ही बोला, मी हं म्हणेन. तुम्हाला नसेल बोलावंसं वाटत तर नुसते बसू. फक्त फोन तोंडासमोर धरा. मागे मुलाने व्हिडिओ कॉल लावून दिला त्या दिवशी तुम्ही तो उलटा टेकवून ठेवला होता, आणि मी बराच वेळ "वहिनी, बऱ्या आहात ना?" म्हणून तुमच्या टेबलफॅनला विचारत होतो, आणि तो सारखा नाही नाही म्हणून मान हलवत होता. तेव्हापासून मला जरा काळजी लागून राहिली आहे.