माझ्या बोटात अंगठी नाही

४ मार्च, मंगळवार

एकोणसाठ! शंभरात एकोणसाठ!!

मेल आधी आईने उघडला आणि आतूनच ओरडली, "एकोणसाठ पडले गं!" मराठी आकड्यांच्या बाबतीत मी ढ. मला ते सिक्स्टी-नाइन वाटलं. वाटलं, एका मार्काचं काय, करतील अ‍ॅडजस्ट. चक्क नाचले. मग दादाने स्क्रीन समोर धरली. "फिफ्टी-नाइन, मॅडम." मरू दे त्याला.

उन्हाळी वर्गाला सत्तर लागतात. जागा आठ. चार महिने पियानोवर तो एकच फ्यूग घासला मी — एकच धून, तीन आवाज, एकमेकांच्या मागे लागलेले. घरातले सगळे भांडी घासताना तोच गुणगुणायला लागले होते. आणि रेकॉर्डिंग ऐकून या परीक्षकाने चार ओळींत वाट लावली. उतरवून ठेवते. विसरायचं नाहीये मला.

"पेडलवर पाय फार. मधला आवाज चिखलात बुडाला आहे."

"ट्रिलची थरथर खालच्या सुरापासून सुरू होते. त्या काळच्या संगीतात ती वरच्या सुरावरून यायला हवी."

"उजव्या हातातल्या अंगठीचा पट्ट्यांवर टकटक आवाज येतो. वाजवताना काढून ठेवावी."

"वाजवणाऱ्याच्या हातात हे फार वर्षं आहे. कान मात्र कधीच उठून गेले आहेत."

फार वर्षं?? नोव्हेंबरात सुरू केलं मी! आणि अंगठी?? माझ्या बोटात अंगठी नाही! कधीच नव्हती!

बहिरा आहे आणि परीक्षक आहे. आजपासून याचं नाव कानसेन. सोडणार नाही याला.

५ मार्च, बुधवार

बाईंकडे गेले. सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडेच शिकते, त्यांच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या त्या पियानोवर. मला वाटलं, बाई पेटणार! बाई चिडल्या की मांजरसुद्धा खोलीतून उठून जातं.

पण नाही. कागद वाचला. परत वाचला.

"चिखल म्हणाले?"

"हो ना!"

"आणि कान उठून गेलेत."

"बाई, त्याचेच गेलेत! अंगठी म्हणे! कुठली अंगठी?"

बाई शालीत हात गुरफटून बसल्या. थंडी कुठे होती? मग म्हणाल्या, "जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! म्हणजे बाईंनीही मला सोडून दिलं. बरं. माझं मी बघते.

७ मार्च, शुक्रवार

कळलं! उन्हाळी वर्गाच्या ऑफिसला फोन केला तर तिथली क्लार्क म्हणाली, मार्कांबद्दल बोलायचं असेल तर परीक्षकांची वेळ मिळते. घेतली. १३ तारीख, गुरुवार.

प्लॅन: आत जायचं, बसायचं नाही. दहाच्या दहा बोटं त्याच्या टेबलावर ठेवायची. म्हणायचं, मोजा. शोधा अंगठी. मग जे ऐकलंच नाही त्याचे मार्क कसे कापलेत ते विचारायचं. मग त्याने सॉरी म्हणायचं. मग मी म्हणणार, सॉरीने काय होतं?

दादा म्हणाला, "जाताना कापूस ने. आणि म्हण, हा तुमच्या कानातून पडला."

हे भारी आहे. पण वापरणार नाही. बहुतेक.

शाळेतून येताना दुसरंही ठरलं. मी मोठी होणार. हॉल फुल्ल. आणि तिकीट खिडकीवर कोण उभा? कानसेन! त्याला सांगायचं, शेवटच्या रांगेतसुद्धा जागा नाही, काका. बाहेर उभं राहून ऐका. ऐकू आलं तर!

८ मार्च, शनिवार

आज त्याची टिंगल करायची म्हणून सगळं त्याच्या म्हणण्यासारखं वाजवलं. पेडल बंद. ट्रिल वरून. तोंड वेडंवाकडं करून.

मधला आवाज ऐकू आला. स्वच्छ. मध्येच कुणीतरी दार उघडून आत यावं तसा.

हे कुणालाही सांगायचं नाही.

११ मार्च, मंगळवार

बाईंचा फोन. "नको जाऊस गं गुरुवारी. भांडून कुणाचं भलं झालंय?"

"तुम्ही त्याला घाबरता, बाई!"

"हो. घाबरते."

मी फोन ठेवून दिला. बाईंचा फोन मी आधी ठेवला! आयुष्यात पहिल्यांदा.

१३ मार्च, गुरुवार

नीट लिहिते. सगळं उलटंपालटं झालंय.

कानसेनची खोली ऑफिसच्या मागे. छोटी. पियानोवर कोट टाकलेला. म्हातारा आहे, एका बुटाची नाडी सुटलेली, संत्रं सोलत होता. "फोड घ्या," म्हणाला. घेतली नाही. लाच!

बोटं टेबलावर ठेवली. "मोजा."

त्याने खरंच पाहिली. "अंगठी नाही."

"नाहीच!"

"मग ही कुणाची?" आणि त्याने रेकॉर्डिंग लावलं.

टक. टक. ऐकू आली. मलाही आली. मी इतके दिवस त्याला शिव्या देत होते, पण ती फाइल एकदाही उघडून ऐकली नव्हती. कशाला ऐकू? माझंच तर होतं.

मग मध्यावर, दोन्ही हात धावतायत आणि — खस्स. पान उलटलं. मी सगळं पाठ वाजवते! समोर वही नसतेच! आणि पाठोपाठ कुणीतरी नाक ओढलं. पियानोपासून जरा लांब. मीच ती. सर्दी झाली होती मला त्या दिवशी.

बाईंची पद्धत आहे. रेकॉर्डिंग असलं की आधी सबंध तुकडा त्या स्वतः वाजवतात, मशीनचा आवाज जुळवायला. मी बाजूला उभी राहून पानं उलटते. मग माझी पाळी. दोन्ही फाइली त्यांच्याच लॅपटॉपवर. आणि त्या दिवशी म्हणाल्या, "नाक गळतंय तुझं, घरी जा, मी पाठवते."

चुकून भलतीच गेली! चिखल बाईंचा. अंगठी बाईंची. एकोणसाठ — बाईंना!

कानसेन माझ्याकडेच बघत होता. "हे तुमचं आहे ना? नसेल तर आत्ताच सांगा. दुसऱ्याचं वाजवणं पाठवलं की नाव कायमचं बाद. शिकणाऱ्याचं आणि शिकवणाऱ्याचंही." मग कोट उचलला, पियानोचं झाकण उघडलं. "वाजवून दाखवता?"

बोटं नुसती शिवशिवत होती. वरून ट्रिल, पेडल बंद, मधला आवाज — तिथेच तोंड बंद केलं असतं त्याचं! पण पहिल्या ओळीतच त्याला कळलं असतं की हे हात ते नाहीत.

"माझंच आहे," मी म्हटलं. "अंगठी तेव्हा होती."

शेपूट घातलं! भांडायला गेले आणि एकोणसाठ मार्क स्वतःच्या नावावर करून आले! बाहेर दादा विचारतोय, "कापूस दिलास का?" रडूच आलं मला.

आणि हे सगळं कशामुळे? बाईंनी चष्मा न लावता फाइल पाठवली म्हणून! माझे चार महिने, माझी जागा, सगळं गेलं. मी खोटं बोलले त्यांच्यासाठी. उद्या बाईंना धरते. कानसेन राहू दे, आधी बाई. असं बोलणार आहे, असं बोलणार आहे की जन्मात विसरणार नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

"चष्मा होता डोळ्यावर," बाई म्हणाल्या. "मुद्दाम पाठवली."

मी दारातच उभी.

"जन्मभर सगळ्यांना मी सांगते कसं वाजवायचं. मला कुणी सांगितलंच नाही गं. एकदा ऐकायचं होतं. वाटलं, सत्तर तर मला सहज पडतील, तुझंही काम होईल." मग म्हणाल्या, सकाळीच परीक्षकांना फोन करून सगळं सांगितलंय. माझा काही दोष नाही, हेही. सोमवारी मला समोर बसवून ऐकणार आहेत. बाईंचं नाव मात्र कायमचं बाद.

रात्रभर घोकलेलं दारातच सोडून मी आत गेले. अंगठी पियानोवर काढून ठेवली होती. बोटावर पांढरा वळ.

मी स्टुलाकडे हात केला. "बसा. वाजवा."

त्या बसल्या. मी बाजूच्या खुर्चीत, त्यांच्या. पहिली ओळसुद्धा पुरी होऊ दिली नाही.

"पेडलवरून पाय काढा, बाई. पुन्हा."