ठमीच्या स्टुलावरचं कार्ड

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची हॉस्पिटलात! मी बोलते आणि माझी नात ठमी लिहिते. अक्षरं मला ओळखत नाहीत, मीही त्यांना ओळख दाखवत नाही. खाट खिडकीजवळची मिळाली. उशी मात्र नव्या जावयासारखी ताठ. उजव्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ आहे, ती सतरा तारखेला काढणार. डॉक्टर पोरगेलासा, पण नीट समजावतो. रक्तातल्या काही गोष्टी वाढतात, काही घटतात, त्यावरून पेशंट किती काळ काढेल याचा अंदाज बांधता येतो म्हणे. अंदाजच हं आजी, असं दोनदा म्हणाला. समोरच्या खाटेवर एक शिंपीणबाई आहेत. माझ्या बाहीची शिवण बघून त्यांनी नाक मुरडलं. आमचं जमणार.

मंगळवार, ४
रक्त घेणारा येऊन गेला. मी त्याला सुईवाला म्हणते. हात हलका, चेहरा धुऊन वाळत घातलेला. ज्याचं रक्त तपासून झालं त्याच्या खाटेच्या पायथ्याशी कार्ड अडकवतो, त्यावर एकच आकडा, आणि रोज तो एकाने कमी करतो. ठमी म्हणते, दिवस असावेत. शिंपीणबाईंचे आज पाच.

रविवार, ९
शिंपीणबाईंचा रिपोर्ट सुधारला. डॉक्टर खूश, म्हणाला, अंदाज चुकला ते बरंच झालं. बाईंनी माझी बाही उसवून पुन्हा शिवायला घेतली. दुपारी सुईवाला आला. कार्डावर शून्य होतं. त्याने ते पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि पडदा ओढला. हात पुसत बाहेर आला तेव्हा बाई गेलेल्या होत्या. माझ्या बाहीत त्यांची सुई अर्ध्या टाक्यात तशीच. हृदय बंद पडलं, असं होतं, म्हणाला डॉक्टर. होतं म्हणे! मला वाटतं, चुकलेला अंदाज त्या मेल्याने दुरुस्त केला. ठमी म्हणते, आजी, तुझं डोकं म्हणजे संशयाचा कारखाना.

सोमवार, १०
आज माझं रक्त घेतलं. तुलनेला निरोगी नातलगाचं लागतं म्हणून ठमीचंही. दोन नळ्या ट्रेमध्ये, नावाच्या चिठ्ठ्या शेजारी. तो हात धुवायला वळला आणि मी नळ्यांची अदलाबदल केली. बघू तर खरं, हा रक्त वाचतो की सुरकुत्या! त्याने चिठ्ठ्या लावल्या, गेला. ठमीला सांगितलं तर पोट धरून हसली.

बुधवार, १२
माझ्या कार्डावर भलामोठा आकडा. एवढं जगून करू काय? ठमीच्या नातवंडांना झोपवत बसेन. आम्ही हसतोय तोवर सुईवाला परत आला. दुसरं कार्ड त्याने ठमीच्या स्टुलाला अडकवलं.
ठमी वाचेना. दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाली, तीन.

गुरुवार, १३
डॉक्टरला सगळं कबूल केलं. रागावला. पुन्हा रक्त घ्यायला सांगतो म्हणाला, पण घेणारा तोच. तो तीन माझा आहे, मला द्या, म्हातारीला चालतो तो, असं मी सुईवाल्याला विनवलं. तो शांतपणे म्हणाला, कागदावर नाव लागलं आजी, नळी कोणाची हे माझं काम नाही.
स्टुलावर दोन.

शुक्रवार, १४
एक. ठमीला म्हटलं, घरी जा. ऐकत नाही, म्हणते ऑपरेशनला सोबत कोण? कार्ड फाडलं. स्टूल खाटेखाली ढकललं. जेवून हात धुऊन आले तर — जागेवर. कार्डासकट.

शनिवार, १५
येऊ नकोस म्हटलं होतं. आली. स्टुलावर नाही बसू दिलं, माझ्या खाटेवर घेतलं. तिचा डावा हात मी घट्ट धरलाय, उजव्याने ती लिहितेय. शून्य —

तो दारात आहे. अरे बाबा, इकडे ये, हा दंड बघ, शीर वर आलीय, माझं —
माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

पडदा ओढतोय. ठमे, ऊठ. अगं लिहितेस काय, टाक ती वही — ठमे — तुझा हात इतका गार का प