मैनाच्या आवाजाची डिस्क

मी, रंगनाथ खंडेराव मंडलिक, वय ५२, राहणार मखमलाबाद, नाशिक, कोणाच्याही दबावाविना, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका. मी घाबरलो आहे, पण डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व गुलाबाच्या मळ्यातला माझा हिस्सा माझी एकुलती एक मुलगी तेजस्विनी हिला मिळावा.

२. माझे व्हिडिओ गेम पार्लर बंद होऊन जमाना झाला, मशीन मात्र माळ्यावर आहेत. कॅसेटवाली कोणीही न्यावीत. सीडीचे मशीन उलटे ठेवले तरच चालते, हे नेणाऱ्याला सांगावे. डीव्हीडीचे काळे मशीन कोणालाही देऊ नये. माझे वडील गेमच्या नावाने शंख करायचे. "दादा, हे पिक्चरचं मशीन आहे, गेम वर फुकट," असे सांगून मी ते आणले. पुढे दादाच दिवसभर पिक्चर बघत बसायचे आणि गेम खेळायला आलेली पोरे ताटकळायची.

३. माझी पत्नी मैना हिच्या डोहाळजेवणाचे शूटिंग मेहुणा लखन याने केले आणि व्हीसीडी आणून दिली. या मशीनला डीव्हीडी चालते, व्हीसीडी नाही! भांडून तिची डीव्हीडी करून घेतली. पुढे या शहाण्याने मूळ कॅसेटवर कोणाचे तरी बारसे घेतले. त्याला माझे काहीही देऊ नये. साक्षीदार म्हणून सही करायला हरकत नाही.

४. तेजू तान्ही असतानाच मैना गेली. तिचा आवाज आता फक्त त्या डीव्हीडीत आहे. डिस्कला चरे पडलेत. दुकानातल्या कॉम्प्युटरने ती ओळखलीच नाही. हे एकच मशीन ती वाचते आणि त्याची लेन्स आता टेकीला आली आहे. मध्येच बंद पडले तर मैना दुसऱ्यांदा जाईल, या धास्तीने मी ती लावतच नाही. माझ्या माघारी तेजूने लावावी.

कलम ४ रद्द. कारण, हे वाचून तेजू ओरडली, "माघारी कशाला, अण्णा? तुम्ही नसताना मी एकटी बघू? आत्ता लावा!"

लखनने मशीन खाली उतरवले. मी डिस्क घातली. डिस्क वाचता येत नसल्याचे पडद्यावर आले. मशीन उभे करून पुन्हा लावली. मैना आली. अंगावर आमच्याच मळ्यातल्या फुलांचे दागिने, समोर झाकलेल्या दोन वाट्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिने झाकण उचलले. बर्फी. बायका गप्प झाल्या. मैना हसून म्हणाली, "बरं झालं बाई, मला हीच हवी होती."

तिथेच चित्र थिजले. मशीन पुन्हा सुरू झाले नाही.

"ऐकलं मी, अण्णा," तेजू रडत म्हणाली. "हीच हवी होती म्हणाली."

५. बंद मशीन भंगारात देऊ नये. भीती कोणाच्या नावे करत नाही, ती उद्या माझ्याबरोबर आत येणार. ऑपरेशननंतर मला शुद्धीवर आणायचे असेल तेव्हा तेजूला बोलू द्यावे. तिचा आवाज हुबेहूब मैनाचा आहे, हे मला आज कळले.

वाचून, समजून सही केली.

रंगनाथ खंडेराव मंडलिक

साक्षीदार:
१. लखन जेजुरकर (मेहुणा)
२. वत्सलाबाई पिंगळे (शेजारीण)

नाशिक, १२ फेब्रुवारी २०२५