अनोळखी माणसाला बशीतला चहा

रविवार, संध्याकाळ. आष्टी.

गोव्याहून येऊनही हसू थांबत नाही. कॅसिनोत फाशांवर मी जिंकण्याची पैज लावायची, ह्यांनी त्याच डावावर हरण्याची. एकाचं गेलेलं दुसऱ्याला मिळतं, आणि बराच वेळ खेळणाऱ्याला तिथे जेवण फुकट. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण! फक्त नवरा-बायको आहोत हे कळू द्यायचं नाही, नाहीतर युक्ती उघडी पडेल.

मग चहा आला. माझा हात कसा गेला? अर्धा बशीत ओतून ह्यांच्यापुढे सरकवला. हे फुंकर मारून प्यायलेसुद्धा! मॅनेजर हसत म्हणाला, "आजी, आता जेवण विसरा."

बाहेर गाड्यावर आम्लेट-पाव खाताना हे म्हणाले, "कावून सरकवलीस बशी?"

"तुम्ही का प्यायलात?"

"लई जुनी सवय हाय."

आत्ता चहा केला. ह्यांनी रिकामी बशी पुढे केली.