रिकाम्या डब्याचे मार्क

बाई, शनिवारी तुम्ही पिशवीतून एखादी वस्तू काढून टेबलावर ठेवायचात आणि विचारायचात, हिचं आणखी काय काय करता येईल? कधी सूप, कधी तुटकी छत्री, एकदा दूध पावडरीचा रिकामा डबा. मुर्धा गावच्या शाळेतली आम्ही पोरं, कुणी म्हणालं कुंडी, कुणी ढोल, कुणी पाणी भरायला. मी उभी राहून म्हटलं, डब्यात खडे घालून तो धाकट्या भावाच्या कमरेला बांधायचा. आई मिठागरावर असताना तो खाडीकडे निघाला की ऐकू येतं. वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही हसला नाहीत. "हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं," म्हणालात, आणि सोमवारी मला रंगपेटी आणून दिलीत. त्या एका वाक्याच्या जोरावर मी शिक्षिका झाले, खोटं कशाला सांगू.

आता मी पूनम सागर कॉम्प्लेक्सजवळच्या एका इंग्रजी शाळेत शिकवतेय, आणि तुमचा शनिवार कॉम्प्युटरमध्ये गेलाय. टाय लावलेला एक माणूस येऊन सगळं दाखवून गेला. मुलांनी नेटवर उत्तरं टाइप करायची. मशीन ती बाकीच्या मुलांच्या उत्तरांशी ताडून बघते आणि कुणाची कल्पना किती वेगळी, त्याचे मार्क तिथल्या तिथे देते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. उत्तरं वाचतं कोण, मी विचारलं. "मॅडम, पढ़ने की ज़रूरत ही नहीं," तो खुशीत म्हणाला. ज्यांना जास्त मार्क, त्यांना शनिवारच्या खास वर्गात जागा. चित्रकला, नाटक, सगळं फुकट.

माझ्या वर्गात मुर्ध्याची एक मुलगी आहे, मच्छीमाराची. त्या वर्गासाठी ती जीव टाकत होती. प्रश्न नेमका रिकाम्या डब्याचा आला. तिनं लिहिलं, बाबा डब्यानं होडीत शिरलेलं पाणी उपसतात. मशीननं ते 'पाणी भरायला' लिहिणाऱ्यांच्या गठ्ठ्यात ढकललं आणि मार्क दिले नावापुरते. डब्यात बसून चंद्रावर जाईन, असं लिहिणारा पहिला आला. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "टीचर, होडीतलं पानी डब्यानंच काढतात. खोटं न्हाय. मंग माझं चुकलं काय?"

मी तणतणत प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला. "आप भी मुर्धा की हैं ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मशीन किसी की रिश्तेदार नहीं है." वर आणखी, "उसके गाँव में तो सब यही करते होंगे. इसमें नया क्या है?" मी भांड भांड भांडले, पण जागा मिळाली नाही ती नाहीच. शेवटी तिला मी एक रंगपेटी घेऊन दिली. तिनं घेतली, पण माझ्याकडे असं काही पाहिलं की मीच मान वळवली.

तेव्हापासून मॅडमचं ते 'नया क्या है' डोक्यातून जात नाही. खड्यांचा डबा मला कुठे सुचला होता, बाई? तो आईनं बांधला होता. मी फक्त घरातलं सांगितलं. मग रंगपेटी तुम्ही माझ्या उत्तराला दिलीत, की माझा उसवलेला फ्रॉक आणि आईचे मिठानं चिरलेले पाय बघून? काल शाळा सुटल्यावर मी माझं ते जुनं उत्तर मशीनमध्ये टाकून पाहिलं. 'आवाज करायला' म्हणून तिनं ते ढोलाबरोबर टाकलं. त्या मशीनवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी शब्द बदलून मी ते पुन्हा पुन्हा टाकत राहिले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पाठवायला आता पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत, आणि खरं काय ते ऐकायची माझी हिंमत नाही.