सातव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय रघू,

तुला जाऊन आठ महिने झाले आणि तुझा आजोबा आत्ता लिहितोय. रागावू नकोस. माझी शाळा पाचवीपर्यंतची, दोन ओळी लिहायच्या तरी दिवस जातो. सवयीने आधी 'चिरंजीव' लिहिलं, मग खोडलं.

तमिळमध्ये लवकर झालं असतं, पण तमिळ तुझी आई वाचते. तमिळ मुलखात राहून राहून ही मराठी अक्षरं आता घरात माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत. तुलाही मराठी बोललेलं कळायचं, वाचता यायचं नाही. तिकडे कुणी शिकवलं का रे?

तुझ्या लष्करी ट्रेनिंगच्या जागेवरून चौकशीचा कागद आलाय. अकरा प्रश्न. सोमवारी उत्तर टपालात पडायला हवं. सातवा प्रश्न असा: त्या दिवशीच्या लांब धावेआधी कॅडेट आजारी आहे, हे घरात कुणाला ठाऊक होतं का?

वकील म्हणतो, "पेरियवरे, वडीलधारे आहात म्हणून सांगतो, नाही लिहा. हो लिहिलंत तर पोराला धावायला लावणारा तो कॅप्टन सुटला म्हणून समजा."

तो सुटायला नकोच! सकाळी देवाच्या आधी मी त्याचं नाव घेतो, आणि त्याच्यासाठी काही चांगलं मागत नाही.

दर रविवारी तुझा फोन यायचा. "ताता, तपासणीला पलंगाची घडी बिघडू नये म्हणून आम्ही सगळे फरशीवर झोपतो."

"मग पलंग कशाला दिला?"

"सरकारला दाखवायला!"

एकाचा बूट मळला की सगळ्यांना खडीवर कोलांट्या. पाच मिनिटांत जेवण, आणि त्यात दहीभात नाही. पोरं विचारायची, तू मद्रासी की मराठा, एक काय ते ठरव. तू म्हणायचास, "दोघांच्या वेगळ्या कोलांट्या माराव्या लागत असतील तर उद्या सांगतो." किती हसलो होतो आपण!

तुझा सोबती जसप्रीत मागच्या महिन्यात येऊन गेला. त्याच्या खांद्यावर तारे लागलेत. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. चोविसाव्या किलोमीटरला तू खाली बसलास, म्हणालास, "सर, मला दिसत नाही." कॅप्टन म्हणाला, "नाटक बंद. ऊठ, आणि या शेजारच्याचीही रायफल घे." दोन रायफली घेऊन तू पुन्हा धावलास. पुन्हा पडलास, पाणी मागितलंस. तो घड्याळ बघत होता.

तुझी आई ऐकत होती. रडली नाही. म्हणाली, "मामंजी, त्या माणसाचे तारे उतरवा. मला दुसरं काही नको."

उतरवणारच. पण रघू, त्या धावेच्या आदल्या रविवारचा फोन मीच घेतला होता ना?

"ताता, तीन दिवस ताप आहे. डॉक्टरला दाखवलं तर धाव बुडेल. सहा महिने मागे टाकतील."

ट्रेनिंग संपल्यावर पासिंग आउटला तुझ्या खांद्यावर तारा मी लावणार, हे मी फुलवालीपासून पुजाऱ्यापर्यंत राजवाड्याच्या साऱ्या गल्लीला सांगून बसलो होतो. सदऱ्याच्या खांद्याला पिन लावून सराव करत होतो, हात कापू नये म्हणून. मी म्हणालो, "सहा महिने मी जगेन याचा काय भरवसा? गोळी घे आणि पळ."

तू "बरं ताता" म्हणालास. का ऐकलंस रे? लहानपणी औषध पी म्हटलं तर घरभर पळायचास! कॅप्टनला ते नाटक वाटलं. मला तर ताप आहे हे ठाऊक होतं.

चार दिवस कागद उशीखाली ठेवला. आता तुला वचन देतो. सातव्या प्रश्नापुढे मी 'हो' लिहीन आणि माझं नाव लिहीन. खाली लिहीन, आजोबाने पळ म्हटलं म्हणून पडलेल्या पोराला पाणी देऊ नये, असं कुठल्या कायद्यात आहे? मला बोलवा. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा. मी माझा गुन्हा त्याच्या डोळ्यांत बघून कबूल करीन, मग बघतो तो आपला कुठे लपवतो. माझ्याजवळ दुसरं हत्यार नाही, पण एवढं त्याला पुरेल.

मात्र त्याआधी तुझ्या आईला सांगायला हवं. आज तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. ती विचारते, "कॉफी देऊ?" मी हो म्हणतो, पितो आणि परत येतो. तिला कसं सांगू? तुझं ती ऐकायची. तिच्या स्वप्नात ये, नाहीतर माझ्या ये, पण सोमवारच्या आत कळव. लवकर कळव रे बाळा.

तुझाच,
ताता